कॅप्टनचं माप

भीमाबाईंनी कात्री उचलली, निळ्या कोटाच्या पाठीवर टेकवली आणि तशीच पुन्हा टेबलावर आदळली.

"कॅप्टन मेली का?"

समोर बसलेल्या दिपकनं चहाचा कप खाली ठेवला. मुंबईच्या कंपनीचा हा माणूस सकाळच्या गाडीनं सोलापुरात उतरला होता आणि नवी पेठेच्या गर्दीतून रिक्षा घुसवत धनलक्ष्मीअक्कांच्या शिलाई कारखान्यात येऊन बसला होता. काम साधं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. 'ध्रुवापार' या अंतराळयानाच्या मालिकेतल्या कॅप्टनचा कोट लहान करायचा. जुनी कॅप्टन उंचीपुरी, अडतीस छातीची. नवी पोरगी चौतीसची. तसलं निळं कापड आता कुठंच मिळत नव्हतं. विणणारा कारखानाच बंद पडला होता. उरला होता तो हा एक कोट. संप झाला तेव्हा बाह्या जोडायच्या राहिलेला.

"मरेल की," दिपक म्हणाला. "नव्या पर्वाच्या पहिल्याच भागात."

"मारनार कोन? लिवनारी तर संपावर हायत."

मागच्या मशिनवरची तेजश्री फिसकन हसली. दिपक हसला नाही.

संपाला वर्ष होत आलं होतं. आधी लेखक उठले, मग सेटवरची माणसं, मग नट. मागण्या काही चंद्र आणून द्या अशा नव्हत्या. कामाचे तास ठरवा, आणि आमचा चेहरा, आमचा आवाज यंत्राला देण्याआधी आम्हाला विचारा, एवढंच. ते मिटायच्या आत मालिकेची कंपनीच दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या पोटात गेली. नव्या मालकांनी ठरवलं, यान तेच, नाव तेच, माणसं बदलली की झालं! आणि इकडे, त्या यानावरच्या झाडून सगळ्यांचे गणवेश शिवणारी धनलक्ष्मी वर्षभर शाळेच्या चड्ड्या शिवत बसली होती. शाळांचं काम दिवाळीनंतर आटतं. तेव्हा कारखान्यातल्या बायांच्या चुली या मालिकेवरच पेटायच्या. या एका कोटाला नाही म्हटलं तर अख्ख्या पर्वाचे गणवेश दुसरीकडे जातील, हे दिपकनं खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

"भीमाबाई, हट्ट सोडा," धनलक्ष्मी म्हणाली. "कापा."

"अक्का, तुमी मालकीन. पर जित्या मानसाचं कापड दुसऱ्याच्या मापाला आनायचं न्हाय. तुमच्या सासऱ्यांनी शिकवलंय मला, ह्याच टेबलावर."

ते खोटं नव्हतं. धनलक्ष्मीच्या सासऱ्यांच्या, वीरभद्रप्पांच्या वेळेपासून ही रीत होती. वारलेल्या बापाचा कोट लेकाच्या मापाचा करायला लोक यायचे, तो ते बिनदिक्कत कापायचे. पण जिवंत माणसाचा कोट दुसऱ्या कुणी आणला, तर ज्याचा कोट, त्याच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय त्याला कात्री लागायची नाही.

"अहो मावशी, मालिका अंतराळयानाची आहे!" दिपकनं कपाळाला हात लावला. "आणि तुम्ही काय घेऊन बसलाय?"

"मग इचारा की तिला. व्हय म्हनली तर ह्या घडीला कापते."

"फोन-बिन नको हं," दिपक घाईघाईनं म्हणाला.

पण धनलक्ष्मीनं नंबर लावलाही होता. कॅप्टनचं काम करणारी पूनम दर पर्वाआधी माप द्यायला स्वतः सोलापूरला यायची. भीमाबाईंच्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय परत जायची नाही. ती एकदा हो म्हणाली की प्रश्न मिटला, असं धनलक्ष्मीला वाटत होतं. तिला तो मिटायलाच हवा होता.

फोनमधून आधी घोषणा ऐकू आल्या, मग पूनमचा बसलेला आवाज. "बोला अक्का! स्टुडिओच्या फाटकावर आहे."

धनलक्ष्मीनं एका दमात सगळं सांगितलं.

"कापा अक्का," पूनम म्हणाली. "आम्ही इथं आमच्या मर्जीनं बसलोय. तुमच्या बायांच्या चुली त्यापायी कशाला विझवायच्या? फक्त भीमाबाईंना सांगा, आतल्या खिशावर त्यांनी माझं नाव घातलंय, तेवढं उसवा. दुसरीच्या अंगावर नको."

फोन बंद झाला. दिपकनं हुश्श केलं आणि उरलेला चहा संपवला.

भीमाबाईंनी पदरानं डोळे पुसले. बाई शब्दाची पक्की. त्यांनी आधी खिशावरचं नाव उसवायला सुई लावली, पण ते शेवटी करू म्हणून मागं ठेवलं आणि कात्री उचलली. पाती उघडली.

धनलक्ष्मीचा हात त्यांच्या मनगटावर आला.

"थांबा."

"आता काय अक्का? व्हय म्हनली की ती!"

"ती म्हणाली. मी नाही म्हणत."

तिचा आवाज चढला होता. तिला राग आला होता, आणि तो दिपकपेक्षा स्वतःचाच जास्त होता. वर्षभर काम सोडून बसलेली बाई आपल्या चुलीची काळजी करते, आणि आपण तिचंच नाव उसवायला निघालो! लाज कशी वाटली नाही?

"मॅडम, कापड कंपनीचं आहे," दिपक उभा राहिला.

"कापड कंपनीचं, शिलाई आमची. शिलाई उसवा आणि कापड न्या. बसा इथं."

तेजश्रीनं खरोखरच उसवायचं ब्लेड त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं ते घेतलं नाही.

"अख्खं पर्व जाईल हातचं."

"माहीत आहे." धनलक्ष्मी मशिनींकडे वळली. एकही चालू नव्हती. "बायांनो, ऐकलंत ना? चड्ड्याच शिवाव्या लागतील, त्याही मिळाल्या तर. कुणाला पटत नसेल तर आत्ता सांगा. मी एकटीनं ठरवणार नाही."

तेजश्रीच्या घरी म्हातारी आजारी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीच आधी बोलली.

"चड्ड्या नाही तर पिशव्या शिवू की. त्यात काय!"

दिपकनं बॅग खांद्याला लावली. दारापर्यंत गेला आणि वळला. आता तो नुसता थकलेला नोकरदार दिसत होता.

"मी वर काय सांगू?"

"सांगा, कॅप्टन जिवंत आहे."

भीमाबाईंनी कात्री खणात टाकली, वर्षभर घडी घालून ठेवलेली उजवी बाही काढली आणि जुन्याच मापाला मशिनखाली सरकवली.