भूमियाची सकाळची गोळी

आलापल्लीकडच्या जंगलातल्या आमच्या गावाचा पुजारी म्हणजे सुकलू भूमिया, आणि त्याच्यावरची पोलीस म्हणजे त्याची बायको अन्नपूर्णा. साखरेचा आजार निघाला, डॉक्टरनं दारू बंद करायला सांगितली, तेव्हापासून भूमियानं मोहाची दारू तोंडाला लावली नव्हती. गाव चिडवायचं, "भूमियाभाऊ, देवाले पाजता अन् आपन चहा पेता?" तो नुसता हसायचा. घरातला गूळ अन्नपूर्णा लपवून ठेवायची आणि सकाळची गोळी स्वतः त्याच्या तळहातावर ठेवायची. "जेवनाच्या आंदी," असं नर्सबाईनं सांगितलं होतं. गोळीनंतर जेवलंच पाहिजे, नाहीतर साखर नको तेवढी उतरते, हे पुढचं तिनं सांगितलं की नाही, देव जाणे.

नवं धान्य खायच्या सणाला, म्हणजे पंडुमाला, पूजा होईपर्यंत भूमियानं अन्नाला शिवायचं नसतं. त्या सकाळीही अन्नपूर्णानं गोळी दिली. गोळी काही अन्न नव्हे. नेमके शेजारच्या गावचे पाहुणे वाटेत अडकले आणि पूजा लांबत लांबत दुपारवर गेली.

ऊन डोक्यावर आलं तसा सुकलू घामाघूम झाला. हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, देवांची नावं मागंपुढं व्हायला लागली. गावातला कोलू मोठ्यानं म्हणाला, "आज भूमियाभाऊनं देवाच्या आंदीच पेली वाटते!" गाव खो खो हसलं. हसायला काय जातं!

अन्नपूर्णाचं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांचा शब्द यानं पंडुमालाच मोडावा? तेवढ्यात सुकलूनं देवापुढच्या गुळाला हात घातला.

"गूळ दे मले... थोडासाच," तो पुटपुटला.

तिनं मनगट धरून खडा हिसकावला. "देवाच्या आंदी खाता? सरम नाई वाटत तुमाले? जाऊन पडा तिकडं!"

तो मुकाट्यानं गेला आणि झाडाखाली आडवा झाला. झोपला की उतरेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याचा भाऊ पत्रू यानं पूजा उरकली. जेवणं झाली. मग मुलगा दिनेश ताट घेऊन बापाला उठवायला गेला, तर बाप उठेना.

दवाखान्यात डॉक्टरनं बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि धावपळ करून ग्लुकोज लावलं. पण फार उशीर झाला होता.

"यांना दारूचा वासही नाही," डॉक्टर म्हणाला. "साखर उतरली की माणूस प्यायल्यासारखाच दिसतो. वेळेवर तोंडात गोड घातलं असतं, तर उठून बसले असते."

"मांगत होता तो," अन्नपूर्णा म्हणाली.

भूमिया शुद्धीवर आलाच नाही. मातीच्या वेळी रीतीप्रमाणे कोलू पानाच्या दोण्यात मोहाची दारू घेऊन पुढं झाला, गेलेल्याला शेवटचे थेंब द्यायला. अन्नपूर्णानं त्याचा हात धरला.

"नको टाकू. त्यानं सोडली होती."

"वैनी, रीत हाय ना आपली."

"रीत तुमी पाळा. माह्या मानसानं शब्द पाळला होता, कोलू. मीच त्याच्यावर भरोसा नाई केला. पानी टाक."

कोलूनं दोणा बाजूला ओतला आणि मान खाली घालून पाणी आणायला गेला.