अर्धा पासवर्ड

क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत या. खोलीत बारा खुर्च्या गोल मांडल्या आहेत. प्रत्येक खुर्चीत एक नातेवाईक नाहीतर शेजारी, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी. आता समजा, जी गोष्ट तुम्ही जिवाभावाच्या मैत्रिणीलाही सांगितली नाही, ती त्या गोलाच्या मधोमध उभं राहून कुणीतरी मोठ्याने वाचतंय. आणि लोक हसतायत. कानशिलं तापली ना? मग उघडा डोळे. हिस्केला काय वाटलं ते आता तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

हिस्के अकरा वर्षांची. परदेशात, फ्रीसलंड नावाच्या प्रांताच्या किनाऱ्यावर, हारलिंगनमध्ये राहणारी. तिथे मुलं वडिलांना हाइत म्हणतात, आईला मेम आणि आजोबांना पाके. हाइत बोटींची शिडं शिवायचा, मेम बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीवर कामाला होती. त्या दिवशी हाइतचा वाढदिवस होता, म्हणून तो गोल आणि तो गुलाबी आयसिंगचा केक. मेमची मात्र नेमकी त्याच दिवशी बोटीवर ड्युटी लागली होती.

केकचा दुसरा तुकडा संपवून रोमर्त संडासात गेला. रोमर्त म्हणजे आत्याचा पंधरा वर्षांचा मुलगा. त्या देशात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात. येता-जाता नजर पडते, कुणाला शुभेच्छा द्यायच्या राहत नाहीत. रोमर्तची नजर पडली. बाहेर येऊन तो गोलात बसला नाही, जिन्याखालच्या कोनाड्यात घरचा कॉम्प्युटर होता तिथे गेला. पासवर्ड म्हणून हाइतची तारीख टाकली, चालली नाही. हिस्केची टाकली, नाही. मेमची टाकली आणि पडदा उजळला.

घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं. हाइतच्या शिडांची मापं, मेमच्या ड्युटीचे तक्ते, हिस्केचा अभ्यास, सगळं एका ढिगात. त्या ढिगात हिस्केने एक फाइल लपवली होती. नाव दिलं होतं, ‘भूगोल, नद्या’.

"हिस्के, तुझ्या नद्या फारच खोल आहेत गं!" रोमर्त ओरडला, आणि कागद छापून घेऊन मधोमध येऊन उभा राहिला.

"दे तो इकडे."

"ऐका, ऐका सगळे! ‘ताडपत्रीतलं भोक जवळ आलं की वाटतं, ते मला गिळणार. म्हणून मी मुद्दाम नाकात पाणी घेते. खोकला येतो आणि बाई मला बाहेर काढतात. घरी सांगते, परीक्षेची यादी लांब आहे.’"

तिकडे पोहण्याच्या परीक्षेत पाण्याखाली एक ताडपत्री सोडतात. तिला एक भोक असतं, त्यातून पार व्हायचं. ज्या गावात परसदारी कालवा असतो तिथली मुलं सात-आठ वर्षांची असतानाच ते करून मोकळी होतात. पाके तर जन्मभर समुद्र आणि कालवा यांच्यामधल्या मोठ्या दरवाजांवर राखणदार होते. अशा घरातली मुलगी पाण्याला भिते! आत्याने तोंडावर रुमाल धरला. शेजारचे काका खोकत खोकत हसले. आणि हाइत हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

रोमर्तचं हसणं हिस्केला दिसलंच नाही. तिला फक्त एक तोंड दिसत होतं.

"तू हसलास?" ती म्हणाली. "तू?"

आत्याचा रुमाल तोंडावरून खाली आला. फ्रीसलंडच्या घरात आईवडिलांना कुणी तू म्हणत नाही. हिस्केने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

"जीभ सांभाळ, हिस्के," हाइत म्हणाला. "पोराने गंमत केली. इतकं काय त्यात? आपल्या घरात लपवण्यासारखं काही नसतं. आपण खिडकीचे पडदेसुद्धा ओढत नाही."

"पडदे तुझे आहेत. फाइल माझी होती."

"वर जा. आत्ताच्या आत्ता."

ती गेली. दार इतक्या जोरात आपटलं की खाली बशा वाजल्या. त्या गोलात एकटे पाके हसले नव्हते. त्यांनी उठून रोमर्तच्या हातातला कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच हिस्केने कॉम्प्युटरच्या सगळ्या तारा उपसल्या, तो सायकलच्या पुढच्या पेटीत घातला आणि पाकेंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाके, तुमच्या दरवाजांपाशी सगळ्यात खोल कुठे आहे?"

"कशाला गं?"

"हा बुडवायचाय."

पाकेंनी पेटीत डोकावून बघितलं. "बुडव की. पण त्याचा गुन्हा काय?"

"त्याने रोमर्तला आत घेतलं!"

"रोमर्तकडे किल्ली होती. ती कुठे टांगली होती तुम्ही?"

हिस्केने ओठ चावले. "संडासात."

"मग बिचाऱ्याने काय करावं?" असं म्हणून त्यांनी कोट चढवला. "चल. तुझ्या घरी जाऊ. राग बरोबर घे, तो लागेल."

घरी तारा तिनेच जोडल्या. पाके शेजारी स्टूल घेऊन बसले आणि दोन्ही हात त्यांनी कोटाच्या खिशात घातले. कालव्याचे दरवाजे हाताने फिरवायचे ते कॉम्प्युटरवरून फिरवायला लागले, तेव्हा उतारवयात त्यांना हे सगळं शिकावं लागलं होतं. पण शिकवताना ते माउसला हात लावत नसत.

पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उमटली, अपडेट करायचं का म्हणून. हिस्केने सवयीने ‘नंतर’ दाबलं.

"थांब. हे किती दिवस दाबतेस?"

"सगळेच दाबतात. दोन वर्षं झाली असतील."

"म्हणजे दोन वर्षं तो ओरडतोय की बांधाला चीर पडलीय, माती घेऊन या. आणि तुम्ही म्हणताय, नंतर!"

पाकेंचा आवाज चढला होता. हिस्केने घाईघाईने ‘आत्ता’ दाबलं. कॉम्प्युटर कुरकुरत कामाला लागला, तीनदा बंद पडून सुरू झाला. तोवर पाके विचारत राहिले.

"आपल्या दरवाजांच्या जोड्या किती?"

"दोन. बोट आत घ्यायची, मागची जोडी बंद करायची, मगच पुढची उघडायची."

"दोन्ही एकदम उघडल्या तर?"

"गाव बुडेल."

"तुमच्या या एका खात्यात दोन्ही कायमच्या उघड्या आहेत. पत्ते खेळायला आलेला माणूससुद्धा आत आला की वाटेल ते बसवू शकतो, वाटेल ते पुसू शकतो. म्हणून रोजच्या कामाला प्रत्येकाचं साधं खातं हवं. त्यातून दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही, भिंतीही पाडता येत नाहीत. आणि सगळे अधिकार असलेलं खातं एकच ठेवायचं. त्याला अ‍ॅडमिन म्हणतात. ते रोज उघडायचं नाही."

हिस्केने तीन साधी खाती केली. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडदा आपोआप बंद होईल असं केलं. मग स्वतःच्या पासवर्डच्या रकान्यात तिने दात खाऊन लिहिलं, ‘रोमर्तगाढव’.

"छान आहे," पाके म्हणाले. "रोमर्तला पहिल्याच फटक्यात सुचेल."

तिला हसू येणार होतं, पण तिने येऊ दिलं नाही. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द शोधून तिने लिहिले. पाकेंनी तेवढा वेळ छताकडे बघितलं.

इतक्यात हाइत कॉफी करायला आत आला आणि जिन्याखाली थबकला. पडद्यावर तीन नावं होती, तिन्हींपुढे कुलूप.

"हे काय चाललंय? माझ्या घरात माझ्यापासून कुलपं?"

"तुझ्यापासून नाही," पाके म्हणाले.

"यांच्यापासूनच!" हिस्के ताडकन उठली. "हेच हसले सगळ्यात जास्त."

"अगं, किती दिवस तेच उगाळणार? बरं, कुलपं घाला. पण अ‍ॅडमिन मी. घरचा कॉम्प्युटर मी आणलाय."

हिस्केने पाकेंकडे बघितलं. "अ‍ॅडमिनला माझ्या खोलीत येता येतं?"

"येतं," पाके म्हणाले. "तुझा पासवर्डसुद्धा बदलता येतो."

"मग हे सकाळपासून कशासाठी केलं आपण?" तिचा आवाज फाटला. "सगळं फुकट! यांनी उघडायचं, वाचायचं, आणि पुन्हा हसायचं!"

"मी वाचणार नाही म्हटलं ना!"

"कधी म्हटलंत? एकदा तरी म्हटलंत?"

पाके स्टुलावरून उठले. ते मुलाशी बोलले तेव्हा आवाज खाली होता, पण हाइतने कॉफीचं भांडं ठेवून दिलं.

"डाउवे, तुझ्या पोरीने वर्षभर नाकात पाणी ओढून घेतलं. नाकात पाणी! तुला सांगण्यापेक्षा तिला ते सोपं वाटलं. आणि तू हसलास. काल मला तुझी लाज वाटली. खोलीत दुसरं कुणी नसतं तरी तेवढीच वाटली असती."

बाहेर पुलाची घंटा वाजून थांबली.

"मोठ्या दरवाजाची किल्ली आम्ही एका माणसाच्या हातात कधी दिली नाही," पाके पुढे म्हणाले. "दोघांनी मिळूनच तो उघडायचा. अ‍ॅडमिनचा पासवर्डही तसा करता येईल. अर्धा तू टाक, अर्धा ती टाकेल. दोघं असल्याशिवाय तो उघडणार नाही."

"पोरीबरोबर? उद्या मला एखादा प्रिंटर बसवायचा झाला तर हिला शाळेतून बोलावू?"

"शाळा सुटेपर्यंत थांब."

हाइतने पडद्यावरच्या कुलपांकडे एकदा बघितलं. मग खुर्ची ओढून बसला.

हिस्केला कुणी सांगितलं नाही. ती आपणहून वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे अजून रागाने वर चढलेले होते. पाठीमागे कीबोर्डच्या कळा वाजल्या, सावकाश, एका बोटाने.

"झालं," हाइत म्हणाला आणि उठला. "बस तू."

हिस्के बसली. हाइत तिच्या खुर्चीमागे, नेहमी जिथे उभा राहायचा तिथेच, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तिथून आपल्याला तिच्या कळा दिसतात हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

हिस्केने कळांवर टेकवलेली बोटं उचलली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मागे वळून बघितलं नाही. घड्याळाचा काटा सरकत होता आणि पडद्यावरची रेघ लुकलुकत होती.

शेवटी तिच्या पाठीवरचा हात निघाला. लाकडी फरशीवर बूट भिंतीकडे फिरल्याचा आवाज आला. तरीही तिने मनात दहापर्यंत आकडे मोजले, आणि मगच लिहायला घेतलं.