चाळीस इंची मेंढा

अर्डिस मॅकल्व्हेनने पिकअप संग्रहालयाच्या दारात उभी केली, इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिली. उतरायचं तर आधी डाव्या गुडघ्याची परवानगी काढावी लागे, आणि आज तो काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. चार तासांचा रस्ता झाला होता. त्याआधी दोन दिवस बॉयसीच्या शिकार-प्रदर्शनात शिंगं मोजण्यात गेले होते. शेहेचाळीस जोड्या शिंगं आणि शेहेचाळीस बाप्ये, आणि प्रत्येकाची खात्री की आपलंच शिंग मोठं. एक तर आकडा ऐकून रडलाच. चांगला सहा फुटी, दाढीवाला! अर्डिसने त्याला कागदी रुमाल दिला आणि पुढच्याला हाक मारली.

शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लबची ती अधिकृत मोजणीदार होती. एकतीस वर्षं. पगार शून्य, मान बरा, भांडणं भरपूर. आजूबाजूच्या तीन काउंट्यांमधलं एकही नावाजलेलं शिंग तिच्या टेपमधून सुटलं नव्हतं. सुटलं होतं ते एकच. तिच्याच गावातलं.

ते इथे, या इमारतीत होतं. होलिस ब्रॅनक संग्रहालय. बंदुकांवर लिहून माणूस प्रसिद्ध होतो का, असं जो विचारतो तो आयडाहोचा नाही हे तिथेच कळतं. होलिस ब्रॅनकने तीस वर्षं मासिकात सदर लिहिलं. कुठली रायफल खांद्याला किती धक्का देते, कुठली गोळी वाऱ्यात किती सरकते. त्यावरून न्हाव्याच्या दुकानात लोकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. या एवढ्याशा गावात आजही चार होलिस आहेत, त्यातला एक दाताचा डॉक्टर. आणि या सगळ्या कीर्तीचा कळस म्हणजे तो मेंढा. १९५८ साली ब्रॅनकने नदीच्या वरच्या कड्यांत मारलेला रानमेंढा, शिंग चाळीस इंच दोन सूत. चाळीस इंच म्हणजे मेंढ्याच्या शिकाऱ्यांचा स्वर्ग. बहुतेकांना मेल्यावरसुद्धा मिळत नाही. ब्रॅनकने त्यावर लेख लिहिला, आणि लेखातच लिहिलं की डोंगरावर टेप लावली ती आपल्या वाटाड्याने, ऑरिन मॅकल्व्हेनने.

ऑरिन म्हणजे अर्डिसचा बाप.

"आलात! देवा, आलात!" दारातून लव्हेल पुटनम ओरडली. ती संग्रहालय चालवायची, आणि चालवायची म्हणजे पळवायची. "मला वाटलं बॉयसीवालेच ठेवून घेतायत तुम्हाला."

"ठेवलं असतं तर झोपले तरी असते," अर्डिस म्हणाली. "कॉफी आहे?"

"गरम चॉकलेट आहे. दालचिनीचे रोल आहेत."

अर्डिसने डोळे मिटले. लव्हेलच्या चर्चमध्ये कॉफी चालत नाही, हे माहीत असूनही ती दर वेळी विचारायची आणि दर वेळी निराश व्हायची.

आत, होलिसचा टाइपरायटर आणि रायफलींची रांग ओलांडून गेलं की मधल्या दालनात आज मेंढा खाली उतरवलेला होता. पन्नास वर्षं भिंतीवर बारा फूट उंच टांगलेलं ते मुंडकं घोंगडीवर, टेबलावर ठेवलं होतं. काचेच्या डोळ्यांवर धूळ होती. खाली आल्यावर तो जरा ओशाळल्यासारखा वाटत होता. शेजारी नवीकोरी काचेची पेटी उभी होती; उद्या तो त्यात जाणार आणि पेटी कायमची बंद होणार.

"म्हणून म्हटलं, आजच," लव्हेल सांगत होती. "क्लबच्या यादीत नावच नाही हो आपल्या मेंढ्याचं! होलिसला त्या क्लबाचा तिटकारा होता ना. पण आता लोक विचारतात. तुमची सही झाली की झालं. आणि हे बघा तरी."

तिने कापडातून पितळी पाटी काढली. अक्षरं झकास कोरली होती. 'चाळीस इंच दोन सूत. मोजणी: ऑरिन मॅकल्व्हेन, १९५८. अधिकृत मोजणी: अर्डिस मॅकल्व्हेन.'

"बापाने मोजलं, लेकीने सही केली! पेपरवाला पाच वाजता फोटोला येतोय."

"मोजायच्या आधीच पाटी केलीस?"

"अहो, मोजलेलंच आहे की ते!" लव्हेल हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती "हो हो, पाच म्हणजे पाच" करत बाहेर गेली.

दालनात दुसरा माणूस होता तो थर्मन. एक्याऐंशी वर्षांचा, दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला 'या' म्हणायचं हे त्याचं काम. १९५८च्या त्या शिकारीच्या तळावर तो विशीतला स्वयंपाकी होता. अर्डिस लहानपणापासून त्याला काका म्हणायची.

"पोरी, फार दमलेली दिसतेस," तो म्हणाला.

"दिसते कसली, आहेच. थर्मनकाका, एक विचारू? बाबा या दारातून आत कधीच का नाही आला? उद्घाटनाला गावभर लोक जमले, आणि तो बाहेर गाडीत बसून राहिला. मी सोळा वर्षांची होते. लाजेने मेले होते मी."

थर्मनने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "आधी मोज," तो म्हणाला. "मग सांगतो."

हेच ते, जे ती एकतीस वर्षं 'फार उंचावर आहे, शिडी कोण चढणार' असं सांगत टाळत आली होती. तिने पिशवीतून पोलादी टेप काढली, पाव इंच रुंद, बोटाला गार लागणारी. शिंगाच्या बुडाशी क्लिप बसवली आणि बाहेरच्या वळणावरून टेप दाबत दाबत टोकापर्यंत नेली. हात सवयीने चालत होते, डोकं केव्हाच घरी जाऊन झोपलं होतं. मग आकडा दिसला आणि डोकं धावत परत आलं.

एकोणचाळीस इंच एक सूत.

तिने टेप काढली, डोळे चोळले, पुन्हा लावली. एकोणचाळीस इंच एक सूत. तिसऱ्यांदा तर तिने श्वाससुद्धा घेतला नाही. मेंढ्याला काही फरक पडला नाही.

"किती?" थर्मनने विचारलं.

तिने सांगितलं. तो मान डोलावत राहिला, कुणीतरी जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव काढावं तसा.

"शिंग वाळलं की आटतं," अर्डिस म्हणाली. "पण आटून आटून किती? दोन सूत, तीन सूत. इथे नऊ सूत कमी आहेत, काका, इंचाहून जास्त. नऊ! बाबा खोटं बोलला?"

"तुझ्या बापाला खोटं बोलता आलं असतं तर तो श्रीमंत झाला असता," थर्मन म्हणाला. "बस इथे. ऑरिनने लावली ती टेप तुझ्या आईची होती, शिवणाची. कापडी. ऑरिन डोंगरावर जाताना दर वेळी उचलून न्यायचा आणि ती दर वेळी शिव्या घालायची. त्या वर्षी ओढा ओलांडताना एक खेचर घसरलं, सगळा बोजा पाण्यात. मी पीठ वाळवलं, बीन्स वाळवले, आणि त्याच दोरीवर, शेगडीच्या डोक्यावर, ती टेपही वाळत घातली. दोन दिवस. मीच घातली. मग होलिसने मेंढा पाडला आणि ऑरिनने टेप लावली."

अर्डिसने हातातल्या पोलादी टेपकडे बघितलं. तिला पुढचं आधीच दिसायला लागलं होतं.

"कापड आटलं, इंच आखूड झाले. कुणाला कळणार? आम्ही नाचलो त्या रात्री. होलिस रडला. आणि मग वसंतात तुझ्या आईने शर्ट बेतला ऑरिनचा. बाह्या मनगटाच्या वर! म्हणाली, तू लठ्ठ झालास. मग तुझा शाळेचा झगा बेतला, तोही काखेत काचायला लागला."

"निळा," अर्डिस हळूच म्हणाली. पहिलीत होती ती. झगा घालून हात वर करता येत नसे; बाईंनी विचारलं की उत्तर येत असूनही ती गप्प बसायची.

"रंग नाही ठाऊक मला. पण ऑरिनने ती टेप सुतारी फूटपट्टीवर ठेवून बघितली, आणि जेवलाच नाही त्या दिवशी. लेख तर छापून गेला होता. त्याने होलिसला पत्र लिहिलं. पत्र लिहायचं म्हणजे तुझ्या बापाला केवढं संकट! होलिस स्वतः गाडी चालवत आला, तुमच्या स्वयंपाकघरात बसला. मी होतो तिथे. म्हणाला, ऑरिन, लोकांना इंच नको असतो रे, गोष्ट हवी असते. राहू दे. ऑरिन म्हणाला, माझं नाव आहे त्यात. होलिस म्हणाला, म्हणूनच म्हणतो, राहू दे."

"म्हणून त्याला क्लबचा तिटकारा."

"मग? क्लबवाला आला असता तर पोलादी टेप घेऊन आला असता." थर्मनने सुस्कारा सोडला. "त्यानंतर ऑरिनने कुणाचाच मेंढा मोजला नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, मोज की. तर म्हणायचा, टेप तुम्ही धरा, मी खेचरं बघतो."

अर्डिसला एकदम सगळ्या अंगाचंच ओझं झालं. बाप वारून बावीस वर्षं झाली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो होलिसवर जळतो. त्याच्यावरच्या रागापायी ती हट्टाने मोजणीदार झाली होती. बघ, मला हे जग कसं शिंगं आणून दाखवतं. आणि त्याने तिला शिकवलं होतं तरी काय? एवढंच, की कापडी टेप घरात ठेवायची नाही. आई गेल्यावर त्याने शिवणाचा डबा उघडला होता आणि एकच वस्तू जाळली होती.

ती आत्ता निघून जाऊ शकली असती. 'गुडघा दुखतोय, पुन्हा कधीतरी.' उद्या पेटी बंद झाली असती, मेंढा चाळीसचा राहिला असता, बाप निर्दोष राहिला असता, आणि तिला चार तास झोप मिळाली असती. झोपेचं तर तिला अगदी मनापासून वाटलं.

लव्हेल परत आली. "झालं? करा सही, मी रोल गरम करते."

"एकोणचाळीस इंच एक सूत," अर्डिस म्हणाली.

लव्हेल हसली, मग थांबली. "चेष्टा करताय."

"मी दोन दिवस झोपलेली नाही. चेष्टा कुठून सुचणार मला?"

"अहो पण... हायवेवर पाटी आहे आपली! 'चाळीस इंची मेंढ्याचं गाव'! दुकानात कप आहेत, टोप्या आहेत!" लव्हेल खुर्चीत बसली, लगेच उठली. "शिंगं आटतात ना वाळून? सगळ्यांना माहितीये. चाळीस लिहा ना. सरळ चाळीस. दोन सूत सोडते मी."

"मोजणी बाजारात बसून करतेस का गं?" थर्मन मागून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, काका! तुम्ही तर नाचला होतात ना त्या रात्री, लेखात लिहिलंय!"

"नाचलो होतो. खोटं कशाला बोलू. छान नाचलो होतो."

लव्हेल अर्डिसकडे वळली, आवाज खाली आणला. "आणि तुमचे वडील? त्यांचं नाव आहे पाटीवर. लोक म्हणतील, ऑरिन मॅकल्व्हेनने आकडा फुगवला. तुम्हाला चालेल? स्वतःच्या बापाचं?"

नेम बरोबर लागला होता. अर्डिसने टेबलाला हात टेकला. तिच्यासमोर बाप आला: उद्घाटनाच्या दिवशी गाडीत बसलेला, खिडकी वर केलेली, स्टिअरिंगवर दोन्ही हात, जणू गाडी चालूच आहे. हायवेवरची ती मोठी पाटी ओलांडायला नको म्हणून तो धान्य घ्यायला वीस मैलांचा वळसा घालायचा. गावाला वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे.

"त्याने फुगवला नाही," ती म्हणाली. "त्याची टेप आटली होती. त्याला कळलं तेव्हा त्याने सांगितलं, आणि कुणी ऐकलं नाही. चाळीस वर्षं ऐकलं नाही. आता मी लिहिते."

तिने फॉर्म ओढला आणि पेन दाबून आकडा लिहिला. तीनदा मोजलं, असंही लिहिलं. लव्हेल फॉर्मकडे असं बघत होती, जणू कुणी गावाचा पूलच उखडून नेतोय.

"मग पाटीचं काय करू मी?" ती शेवटी म्हणाली. रडवेली झाली होती बिचारी.

"नाव ठेव त्याचं. आकडा बदल. आणि खाली लिही की त्याने भिजून आटलेल्या कापडी टेपने मोजलं होतं."

"असं कोण लिहितं पितळेवर?"

"चुकीचा आकडा लेखात छापतात, तर खरा पितळेवर का नाही?"

"पेपरवाला येतोय पाच वाजता," लव्हेल पुटपुटली, पण आता त्यात जोर नव्हता. मग तिनेच विचारलं, "ती... आटलेल्या टेपची गोष्ट. त्याला सांगता येईल का ती?"

"थर्मनकाका सांगतील. दोरीवर त्यांनीच वाळत घातली होती."

थर्मन खुर्चीत सावरून बसला. एकसष्ट वर्षं कुणी विचारलं नव्हतं त्याला. "टोपी घालून सांगू की काढून?" त्याने गंभीरपणे विचारलं.

लव्हेल चॉकलेट करायला गेली. अर्डिसला मुळीच हलकं वाटत नव्हतं. गुडघा ठणकत होता, पोटात काही नव्हतं, आणि घरी पोचायला गावाबाहेरचा घाट अजून बाकी होता. फॉर्मवर अजून बरेच रकाने रिकामे होते. बुडाचा घेर, मधले घेर, आणि डावं शिंग तर पूर्णच राहिलेलं.

"काका," ती म्हणाली, "जरा या इकडे. त्याची मान तिरकी धरा. दुसरं शिंग घ्यायचंय."

थर्मनने म्हाताऱ्या हातांनी मेंढ्याची हनुवटी धरली. अर्डिस वाकली आणि क्लिप बुडाशी बसवली.