कोपऱ्यातला दम

"कोपऱ्यात बसायचं. वर्षभर उंबरा ओलांडायचा न्हाई, अन् तोंड कुणाला दाखवायचं न्हाई."

बावीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा सासूनं सांगितलेलं हे रुक्मिणबाईंनी निमूट पाळलं होतं. आता त्यांचा मुलगा वैजनाथ नायगावच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला, आणि त्याच खोलीतल्या त्याच कोपऱ्यात त्यांनी आपल्या हातानं सुनेला बसवलं. दीपमालाला. लोहा तालुक्यातल्या त्या गावात बायकांची कबड्डी जिनं पहिल्यांदा उभी केली, तिला.

लग्न होऊन आली तेव्हा पारावरची माणसं हसायची. सून चड्डी घालून खेळती, आता सासूबी उतरंल मैदानात, म्हणायची. दीपमालानं चार वर्षांत गल्लीतल्या सहा पोरी मात्र तयार केल्या. बुधवारी लातूरला त्यांचे पहिलेच मोठे सामने होते. संघ सात जणींचा, आणि सातवी कोपऱ्यात.

सोमवारी पूजा आटोपून रुक्मिणबाई जपाला बसल्या. कोपऱ्यात सून भिंतीकडं तोंड करून दम धरायचा सराव करत होती, आवाज न करता. मग पाणी प्यायला म्हणून उठली, तर पाय लटपटले. भिंत धरून उभी राहिली. पाच जणींना अंगावर घेऊन रेघ गाठणारी पोर ती. सत्तर दिवसांत हे झालं होतं.

रुक्मिणबाईंचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर गेला. गुडघेही त्या स्वतः कोपऱ्यात बसल्या त्याच वर्षी आखडले होते. डॉक्टरांनी वात सांगितला, अन् त्यांनीही तोच मानला. कोपरा पाळला म्हणजे गेलेल्याला शांती मिळते, असं आपण म्हणतो. मागं राहिलेलीचं काय होतं, ते कुणी वाकून बघत नाही. जपाची माळ अर्धी राहिली. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"दीपमाला, खेळाय जायचं का?"

"लोक तुम्हाला बोलतील, आत्याबाई."

"ते मी इचारलं न्हाई. तुला जायचं का?"

दीपमालानं भिंतीवरचा हात काढला. "हाव," ती म्हणाली.

संध्याकाळी ही गोष्ट कानावर गेली अन् रुक्मिणबाईंचे दीर भगवानराव आले. त्यांची मुलगी आरती त्या सहा जणींतलीच. बाहेर बसूनच त्यांनी गावाची अब्रू, आरतीचं लग्न, भावकीची बोलणी, सगळं ऐकवलं. रुक्मिणबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

"वहिनी, इतका देवधरम करता तुम्ही. पोराचं वर्षश्राद्ध तरी होऊ द्या."

"भाऊजी, मी वर्षभर बसले. तुमच्या भावाला त्यानं काय भेटलं, हे मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. देवानं तर हे मागितलंच न्हवतं. सासूबाईंनी मागितलं अन् मी दिलं. माझी सून देणार न्हाई."

"पोरींसंगं बाईमाणूस कोण जाईल?"

"मी."

"मग आरती येणार न्हाई. सहा जणींवर खेळा." चहा तसाच ठेवून ते उठले.

बापामागून आलेली आरती दाराआड ओढणी तोंडात धरून उभी होती. रुक्मिणबाईंनी हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सकाळी आवरून बस. मी न्यायला येते."

मंगळवारी सकाळी देवापुढं दिवा लावून त्यांनी सुनेचा हात धरला. दोघी दिवसाउजेडी, सगळ्या गल्लीदेखत बाहेर पडल्या. नळावरच्या गुरम्मानं घागर खाली ठेवून विचारलं, कुठं निघाल्या?

"लातूरला, सामन्याला," रुक्मिणबाई नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या.

पाच पोरी एसटीच्या थांब्यावर आधीच आल्या होत्या. दीपमालाला त्यांच्यात उभं करून रुक्मिणबाईंनी हातातली पिशवी तिच्याकडं दिली. गाडी यायला थोडा वेळ होता. पदर खोचून त्या एकट्याच मागं फिरल्या आणि दिराच्या घराच्या वाटेला लागल्या.