खरवडलेली शेपटी

गेसेकेने चाकूचं टोक टेकवलं आणि स्वराच्या खुणेची शेपटी खरवडून काढली. वासराच्या कातड्याच्या त्या पानावर शेपटीचा चौकोन म्हणजे दोन ठोके थांबायचं. शेपटी नसली की एकच. तिने फुंकर मारली. चौकोन बोडका झाला.

"आता बघतेच तुला, वोलबुर्गबाई," ती पुटपुटली.

नन्सच्या त्या मठाची रीत अशी, की गाताना जिचा सूर इतरांपासून सुटेल तिने तिथल्या तिथे गुडघे टेकून फरशीला कपाळ लावायचं. गेल्या ईस्टरला गेसेकेचा एक ठोका चुकला आणि गानप्रमुख वोलबुर्गने बोट दाखवलं. एवढासा ठोका! पाहुण्यांसाठीच्या जाळीपलीकडे तिची आई उभी होती, तीन दिवस पायपीट करून आलेली. हिवाळ्यात आई गेली. लेकीला तिने शेवटचं पाहिलं ते असं, जमिनीवर. हे विसरायचं? या जन्मात तरी नाही.

हा क्रेडो, म्हणजे श्रद्धेची गायची प्रार्थना, मठाला नवा; ईस्टरलाच पहिल्यांदा गायचा होता. दहा दिवस गुणगुणत गेसेकेनेच तो उसन्या प्रतीवरून उतरवला होता. पाठ होता तो फक्त वोलबुर्गला, आधीच्या मठात सात वर्षांची असल्यापासून.

यंदाच्या ईस्टरला सगळ्याजणी मोठ्या पुस्तकाभोवती उभ्या राहिल्या. त्या चौकोनापाशी वोलबुर्ग दोन ठोके थांबली. तीस गळे पुढे निघून गेले. तिने पानावर बोट फिरवलं; तिथे खरखरीत लागलं. तिने गेसेकेकडे पाहिलं. गेसेकेने नजर हटवली नाही. मग म्हातारीने दुखरे गुडघे टेकले.

गेसेकेला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"मठाच्या मदरना सांगणार असाल ना?" तिने नंतर दारात विचारलं.

"काय सांगू? मूळ प्रत गेली परत. आता पुस्तकात आहे तेच खरं."

पुढच्या रविवारी गेसेके बेसावध होती. डोळे मिटून गात होती. चौकोन आला आणि तिची जीभ उतरवतानाच्या सवयीने दोन ठोके थांबली. एकटीची.

वोलबुर्गने मान न वळवता फरशीकडे बोट केलं.

बाहेर पडताना म्हातारी तिच्याजवळ थांबली.

"मी चार दिवसांत विसरले गं, पन्नास वर्षांचं," ती हळूच म्हणाली. "तुझे तर दहाच दिवस. बघू तुला विसरायला किती रविवार लागतात."