चारही पर्यायांवर खुणा

मित्रांनो, मी एक जुना प्रश्नसंच आहे आणि मी मोबाइलवर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझ्यात सीईटीच्या सराव परीक्षा आहेत, प्रत्येकी दोनशे गुणांच्या. माझा पहिला मालक अनिरुद्ध शनिवार पेठेत राहायचा. बरोबर पर्यायावर तो पेन्सिलने दाबून खूण करायचा. हवं ते कॉलेज मिळताच त्याने खुणा घाईघाईने खोडल्या आणि मला अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकून टाकलं. तिथे मी वर्षभर धूळ खात पडलो.

मग हडपसरहून श्रद्धा आली, बाबांबरोबर. तिचे बाबा दिगंबरराव मूळचे अमरावतीकडचे. त्यांनी विचारलं, "आतून कोरं आहे ना, भाऊ?"

"कोरं हवं असेल तर वही घ्या," दुकानदार म्हणाले.

दिगंबररावांनी पैसे मोजले आणि मला पिशवीत टाकलं.

श्रद्धाला आई नव्हती. घरात बापलेक दोघंच. पंच्याण्णव पर्सेंटाइल मिळाले तर पुण्यातच प्रवेश मिळणार होता. नाहीतर तिला दूरच्या गावी जावं लागणार आणि बाबा घरात एकटे पडणार.

तिच्या टेबलावर मोबाइल आधीच ठाण मांडून बसला होता. त्याच्यावरही सराव परीक्षा होत्या. गुण क्षणात दिसायचे, वर शाबासकीचे रंगीत फुगे. त्याला काचेचं कवच, उशाशी चार्जर. मला साधं कव्हरही नव्हतं. तो उजळला की माझ्या पोटात दुखायचं.

पण एक गंमत झाली. त्याच्यावर श्रद्धाला एकशे दहा गुण पडायचे आणि माझ्यात एकशे साठ! "ॲपवाले उगाच अवघड विचारतात," असं म्हणून तिने त्याला बाजूला सारलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं कारण मला ठाऊक होतं. अनिरुद्धच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, पण त्यांचा दाब कागदावर तसाच होता. उत्तर अडलं की श्रद्धाची नजर नकळत तिकडेच वळायची. मला बोलता येत नाही हे खरं, पण येत असतं तरी मी बोललो नसतो.

परीक्षा महिन्यावर आली असताना क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. श्रद्धाला एकशे आठ गुण पडले. घरी येऊन ती माझ्यावर डोकं ठेवून रडली. माझी पानं भिजली आणि मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

दिगंबरराव कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. तयार भाग उजेडात तिरपा धरून ओरखडे शोधायचे, हेच त्यांचं काम. त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि पान तसंच तिरपं धरलं.

"श्रद्धे, हे पाह्य बरं. इथं कोणी अगोदरच दाबून ठेवलं हाय."

"म्हणजे मी इतके दिवस दुसऱ्याचे मार्क मिळवत होते? बास, आता मी मोबाइलवरच करते."

संपलं, मला वाटलं. शेवटी तोच जिंकला.

"थांब न. पेन्सिल आण," बाबा म्हणाले. "चारही पर्यायांवर तशीच दाबून खूण कर. मंग खरं कोणतं, कसं समजन?"

उरलेल्या आठ परीक्षांवर बापलेक अख्खा रविवार खुणा करत बसले. त्यानंतर माझ्यातही तिला एकशे बारा गुणच मिळाले. आता ती चुकलेलं प्रत्येक गणित वहीत पुन्हा सोडवू लागली. एकशे वीस झाले, एकशे चौतीस झाले. शेवटच्या परीक्षेत एकशे एक्कावन्न पडले.

निकालात तिला शहाण्णव पर्सेंटाइल मिळाले. आणि तो निकाल दिसला कुणाच्या पडद्यावर? त्याच्याच! बाबांनी डोळे पुसले आणि मोबाइललाच कपाळाला लावलं. मी टेबलावरून पाहत होतो.

उद्या मी शेजारच्या शालूकडे जाणार आहे. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. उत्तरं वहीत लिहा, पुस्तकावर नको. तुमच्यानंतर ते कुणाच्या तरी हाती जाणार असतं.

माझा स्वभाव काही बदललेला नाही, मी अजून जळतो. पण त्या रविवारी बापलेकीने केलेल्या हजारो खुणा माझ्या अंगावर आहेत. मोबाइलच्या काचेवर त्यातली एकही नाही. आता जळायची पाळी त्याची.