निकेलमधलं पाणी

खंडेनवमीला मंदाकिनीबाई प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा करत. अस्सल हळदीचं कुंकू त्या नारायण पेठेतून आणत. तराजूला कुंकू, भट्टीला कुंकू, आणि पंखा बंद करू का असं कुणी विचारलंच, तर "देवाला उकडत नाही का?" हे उत्तर. उभा जन्म रसायनशास्त्र शिकवून बाई या महिनाअखेर निवृत्त होणार होत्या.

वल्लरी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. निवृत्तीआधी प्रबंधावर बाईंची सही झाली नाही, तर ती मार्गदर्शनासाठी सौमित्रसरांकडे जाणार. आणि सरांकडे गेलेला विद्यार्थी डॉक्टर होण्याआधी आजोबा होतो, अशी विभागात ख्याती होती.

वल्लरीचं संयुग निकेलचं, लालभडक. त्यात निकेलच्या अणूला दोन रेणूंनी खेकड्यासारखं नांग्यांत धरलेलं. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना उलगडली, तर पाण्याचा मागमूस नाही. भट्टीत मात्र त्याचीच पूड शंभर अंशांच्या आसपासच वजन सोडू लागली. म्हणजे पाणी आहे! बाईंनी भट्टीची बाजू घेतली, त्यावर स्वतःचा लेखही छापून आणला आणि म्हणाल्या, "तुझा स्फटिक चुकलाय. नवीन वाढव, मग सही."

स्फटिक वाढायला दोन-तीन महिने लागत. वल्लरीचं धाबं दणाणलं. तिने पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाल सुयांमध्ये काही लाल, बेढब कण दिसले. अल्कोहोलचा थेंब टाकला. सुया ढिम्म राहिल्या, कणांभोवती मात्र हळदीचा पिवळा रंग उतरला. खंडेनवमीला ही पूड भट्टीशेजारी उघडीच वाळत होती आणि वर पंखा चालू होता. भट्टीत उडाला तो कुंकवातला ओलावा.

ती बाईंपुढे उभी राहिली.

"मॅडम, ते पाणी नाही. कुंकू आहे."

"कुणाचं?"

"आपलं."

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. मग लेख मागे घेत असल्याचा ई-मेल त्यांनी संपादकांना लिहायला घेतला. कारणापाशी त्या अडल्या.

"नमुन्यात भेसळ झाली, असं लिहायचं का?" वल्लरीने हळूच सुचवलं.

"भेसळ दूधवाले करतात. माझी चूक झाली, असं लिहिते."

त्यांनी तसंच लिहिलं, पाठवलं, आणि प्रबंध पुढे ओढून सही केली. वल्लरीचे डोळे भरून आले.

"इथे रडू नकोस," बाई म्हणाल्या. "विद्यापीठाची प्रबंध घ्यायची खिडकी पाचला बंद होते. तिथे रडून उघडत नाही."